गिरणीच्या भिंतीला टेकलेली कणी

“कारणाशिवाय पीठ जाड निघत नाही.”

हे वाक्य पीठमामांचं. दिवसातून किती वेळा म्हणत, त्याला गणती नव्हती. एखादी बाई डबा उघडून कुरकुरली, “दादा, आज जाड आलंय हो,” की दुसरा गिरणीवाला चिडला असता. मामांचे डोळे मात्र चमकायचे. चिमूटभर पीठ अंगठ्यात आणि बोटात धरून ते हळूहळू चोळत, मान कलती करून, जणू ते पीठ त्यांच्या कानात काही सांगणार आहे. मग म्हणत, “कारणाशिवाय पीठ जाड निघत नाही, ताई. दगड तरी बोथट झालाय, गहू तरी ओला आहे, नाहीतर माझं लक्ष तरी नव्हतं. बघू कोणतं ते.” आणि खरोखर बघत. गिरणी बंद करून, दगड उघडून, छिन्नी घेऊन बसत. रांगेतल्या बायका कपाळाला हात लावत.

आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची गिरणी. गिरणीला लागून घर, आणि दोन्हींच्या मधे एकच भिंत. डबे घेऊन येणाऱ्या बायका त्यांना दादा म्हणत, म्हणून त्यांची पोरं मामा म्हणत. पोरं मोठी होऊन स्वतःचे डबे आणू लागली तरी मामाच म्हणत. असे ते सगळ्या गावाचे मामा झाले. भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे. कुठंही निघाले की रस्त्यावर पिठाच्या पावलांची ओळ उमटायची. मामी म्हणायची, “हे कुठं जातात ते मला विचारावं लागत नाही. रस्ताच सांगतो.”

मामी पण तशीच, चाळणीसारखी. बोलली की खडे एका बाजूला आणि धान्य एका बाजूला.

त्या घरात सगळे हातानं बोलत. गिरणी चालू असली की शब्द कुणाला ऐकू येणार? बोटं चिमटीत धरली म्हणजे बारीक दळा. मनगट फिरवलं म्हणजे दगड जरा जवळ घ्या. मूठ तोंडाशी नेली म्हणजे जेवायला चला. आणि तळहात उंच धरला म्हणजे: सरका, गिरणी सुरू करतोय. मी तासन्‌तास गिरणीच्या दारातल्या बाकावर बसलोय आणि नवराबायकोचं आख्खं भांडण एक शब्द न ऐकता पाहिलंय. कोण जिंकलं तेही कळायचं. बहुतेक मामीच.

लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघायला लावून त्यांना मुलगी झाली. एवढीशी होती, म्हणून तिला कणी म्हणू लागले.

कणी गिरणीच्या आवाजात वाढली. हाक मारली तरी वळून बघायची नाही. बोलायच्या वयात बोलेना. डब्यांची झाकणं जमिनीवर ओळीनं मांडायची, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि मधलं एखादं कुणी हलवलं की आकाशपाताळ एक करायची. सगळे म्हणायचे, गिरणीतलं लेकरू आहे, कान बसले असतील. नाहीतर म्हणायचे, घरात कोण बोलतंय तोंडानं, की ही बोलेल? मामा-मामींनाही ते पटलं होतं. गिरणीवाल्याच्या घरात गप्प मूल म्हणजे त्यांना नवल वाटलं नाही. इथंच चुकलं. दुसऱ्या कुठल्या घरात ते केव्हाच ध्यानात आलं असतं.

ध्यानात आणून दिलं ते बालवाडीच्या बाईंनी. दळण घ्यायला आल्या होत्या. गिरणी थांबल्यावर हळूच म्हणाल्या, “मामा, रागावू नका. कणी बोलत नाही ते एक वेळ सोडा. पण ती बोटही दाखवत नाही. पाणी हवं असलं तरी माझा हात धरून माठापर्यंत ओढत नेते. तुम्ही तर घरात सगळे हातानंच बोलता ना? मग हिनं एकही खूण कशी उचलली नाही?”

मामांचा हात डब्यावरच राहिला. मामी आतून आली होती, तिनंही ऐकलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एवढी सोपी गोष्ट, डोळ्यांसमोरची, आणि दोघांना दिसली नव्हती.

त्याच आठवड्यात शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. आधी कान तपासले. जाड भिंतींच्या एका छोट्या खोलीत कणीला मामीच्या मांडीवर बसवलं आणि एक मुलगी बारीक बारीक आवाज सोडत राहिली. बाहेर आल्यावर ती हसून म्हणाली, “कान उत्तम आहेत. कुजबुज केली तरी ऐकू येतं हिला.”

मामीनं सुटकेचा श्वास टाकला. मामांचा चेहरा उतरला.

परतीच्या बसमध्ये मामीनं विचारलंच, “तोंड का पाडलंय? कान चांगले आहेत म्हणाल्या ना त्या?”

“बहिरी असती तर कारण कळलं असतं.”

मामी खिडकीकडून वळली. मग म्हणाली, “तुम्हाला कारण हवंय की पोरगी?”

 ते वाक्य मामांना लागलं होतं, हे त्यांनी मला पुढं स्वतः सांगितलं.

मग मुलांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्याकडे एका भेटीत काम झालं नाही. त्या जमिनीवर मांडी घालून कणीशी खेळायच्या, झाकणं मांडायच्या, मामीला ढीगभर प्रश्न विचारायच्या. कधी रांगली, कुणाकडे बघून हसते, कशानं घाबरते. शेवटी एक दिवस दोघांना समोर बसवून त्यांनी नाव सांगितलं. ऑटिझम. स्वमग्नता.

“म्हणजे स्वतःतच मग्न?” मामी म्हणाली. “तशी तर दळताना हेही असतात.”

डॉक्टरीणबाई हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी आपले प्रश्न वाटेत मनात लावून ठेवले होते, रांगेतल्या डब्यांसारखे.

“गिरणीच्या आवाजानं झालं?”

“नाही.”

“आम्ही तिच्याशी कमी बोललो, म्हणून?”

“नाही, दादा.”

“ही पोटात असताना हिची आई गिरणीत उभी असायची. डबे उचलायची. त्यानं?” हा प्रश्न खरं तर मामांच्या थोरल्या बहिणीचा, कणीच्या आत्याचा. घरातून निघताना तिनं तो मामांच्या खिशात घातला होता. मामीनं मान खाली घातली.

“मुळीच नाही,” डॉक्टरीणबाई ठासून म्हणाल्या, मामीकडे बघून. “कुणाच्या वागण्यानं हे होत नाही. तिच्या मेंदूची घडणच थोडी वेगळी आहे, आणि ती बहुतेक जन्माआधीच ठरलेली असते.”

“पण कारण? कारणाशिवाय...” मामा अडखळले. पुढचं पीठ तोंडात आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“एक बोट ठेवून दाखवता येईल असं कारण माझ्याकडे नाही. आज कुणाकडेच नाही. पण एक ऐका. ती अशी का जन्मली ते शोधू नका; ती आत्ता का रडली, आत्ता कान का झाकले, ते शोधा. त्याला कारण असतं. आणि ते मला इथं खुर्चीत बसून सापडायचं नाही. ते तुमच्या घरातच सापडेल. बाकी बोलणं, खुणा, खेळणं, ते शिकवायला आमच्या बाई आहेत. वेळ लागेल. पण शिकेल ती.”

मामीनं त्यातलं शेवटचं वाक्य उचललं आणि पदरात बांधून आणावं तसं घरी आणलं. मामांनी काहीच उचललं नाही. त्यांना वाटलं, बाई चांगल्या आहेत, मन मोडायचं नाही म्हणून गोड बोलल्या. आयुष्यभर ज्या माणसाला जाड पिठामागचं कारण सापडलं, त्याला स्वतःच्या लेकीबाबत ‘कारण नाही’ हे कसं पचावं? ते रोज बघत होते: खटका दाबला की कणी दोन्ही कान झाकून किंचाळायची. यापेक्षा उघड आणखी काय असतं?

त्यांनी गिरणी बंद केली.

नुसती बंद नाही. विकायची ठरवली. जुनी यंत्रं घेणारा एक माणूस दुसऱ्या गावाहून आला, दगड थोपटून, पट्टा ताणून बघून गेला. पुढच्या आठवड्यात टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मामांनी शब्द दिला.

“आणि खायचं काय?” मामीनं विचारलं.

“कुठंतरी लागेन कामाला.”

“कुठं लागाल? तुम्हाला दळण्याशिवाय काय येतं? साधा चहा करता तर त्यात पीठ सापडतं.”

“मामी, ती किंचाळते गं.” मामा तिलाही मामीच म्हणत, सगळ्या गावासारखं. “मी खटका दाबतो आणि माझी पोरगी किंचाळते. रोज. माझ्या हातानं.”

त्यावर मामी काही बोलली नाही. ती कुणापुढं गप्प बसल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून हे सांगतोय.

गल्ली एकदम मुकी झाली. आपल्याला आवाजाची सवय झालेली असते ती कळत नाही. बंद झाल्यावर कान शोधत राहतात. बायका डबे घेऊन लांबच्या गिरणीवर जाऊ लागल्या आणि येताना मामांच्या दाराकडे बघून उसासे टाकू लागल्या. मामांना वाटलं होतं, शांततेत कणी निवळेल. झालं भलतंच. ती जेवेना. झाकणं मांडेना. सकाळपासून त्या मधल्या भिंतीपाशी जाऊन बसायची, भिंतीला पाठ लावायची, मग गाल लावायची, मग हाताच्या तळव्यानं भिंत बडवायची आणि रडायची. असं रडणं, की बाकावर कुणी नसताना मला एकट्याला तिथं बसवेना.

आत्या आली होती. ती वाईट बाई नव्हती. तिला फक्त स्वतःचा आवाज फार आवडायचा. म्हणाली, “लाडानं बिघडवलीय. आता तर गिरणी पण बंद केली हिच्यासाठी. तरी रडते. कारण काही नाही, नुसता हट्ट.”

मामा खाटेवर बसले होते. त्यांनी मान वर केली.

“कारणाशिवाय ती रडत नाही, अक्का.”

बोलले आणि स्वतःच थबकले. एवढी वर्षं तेच वाक्य. फक्त पिठाच्या जागी लेक आली होती. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तेव्हा कुठं त्यांच्या आत उतरलं असावं. दळायला टाकलेलं धान्य लगेच कुठं खाली येतं? आधी वरच्या नरसाळ्यात फिरत राहतं.

“ती भिंतच का बडवते?” मामी म्हणाली. “घरात चार भिंती आहेत. हीच का? मी बघतेय, सारखी एकाच जागी बसते. आधीपण तिथंच बसायची. गिरणी चालू असताना.”

“चालू असताना?”

“तुम्ही तिकडं असता, तुम्हाला कसं दिसणार? खटका दाबला की किंचाळायची, खरंय. पण मग उठून तिथं जाऊन बसायची. गिरणी थांबेपर्यंत.”

मामा उठले. कणी बाजूला सरकल्यावर ते तिच्या जागी खाली बसले आणि भिंतीला पाठ लावली. आत्या म्हणाली, “आता बापाचंही बिघडलं.” मामांनी लक्ष दिलं नाही. भिंत गार होती. निर्जीव. त्यांनी डोळे मिटले, आणि मग एकदम उठून, चपला न घालता, गिरणीत गेले. नरसाळ्यात घरचेच थोडे गहू ओतले, कारण रिकामे दगड फिरवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आणि खटका दाबला.

पट्टा फटकन बसला. आत कणी कान झाकून किंचाळली. मामीनं दारातून हात हलवला: थांबू नका. मामांनी दात आवळले आणि चालू ठेवलं. गिरणीनं सूर धरला, तोच एकसारखा, जाड, घुमणारा सूर. कणीचं किंचाळणं थांबलं. तिनं कानांवरचे हात काढले. भिंतीपाशी गेली, पाठ टेकली, पाय पसरले. भिंत थरथरत होती, कोमट होत होती, आणि ते थरथरणं तिच्या पाठीतून वर जात होतं. तिचे खांदे सैल पडले. हळूहळू, पुष्कळ दिवसांनी, ती हसली. कुणाकडे बघून नाही. पण हसली.

मामीनं आत्याचा हात धरून तिला भिंतीला टेकायला लावलं. आत्या टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, “अगं, पाठीला बरं वाटतंय की!” आणि जेवणाची वेळ होईपर्यंत उठली नाही.

तर कारण सापडलं ते असं. गिरणीचा आवाज तिचा शत्रू नव्हता. तिला टोचायचं ते अचानक होणारं: पट्ट्याचा तो फटका, डबा झटकताना मामा बुडावर मारत ती थाप, झाकण पडल्याचा खणखणाट. एकदा सूर लागला की तो तिला हवासा होता. आम्ही सगळे दोन्हींना एकच आवाज म्हणत होतो.

टेम्पोवाला ठरल्या दिवशी आला. दोरखंड, दोन माणसं, सगळं घेऊन. गिरणी घरघरत होती. तो दारातच ओरडला, “मामा, शब्द दिला होता!”

“दिला होता. मोडला. पाणी पिणार?”

“लांबून आलोय मी!”

“मग दळण घेऊन जा,” मामी आतून म्हणाली. “रिकामा टेम्पो बरा दिसत नाही.”

तो चिडला, बडबडला, पण पाणी प्यायला. जाताना त्यानंही भिंतीला पाठ लावून बघितली म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, म्हणून खात्री देत नाही.

पुढं डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, तेव्हा त्या टेबलामागून उठून उभ्या राहिल्या. “बघा! हे मी इथं बसून जन्मात ओळखलं नसतं,” म्हणाल्या. कानावर घालायची जाड, लाल गुबगुबीत झाकणं त्यांनी सुचवली. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, काही होणार असलं की तिला आधी कळू द्या. एकच खूण ठेवा आणि दर वेळी तीच करा. मामांना खूण शोधायला कुठं जायचं नव्हतं. त्यांनी पट्ट्याचा पत्र्याचा जोड काढून तो चामड्यानं शिवून घेतला, म्हणजे फटका मऊ झाला. डब्यावर थाप मारायची सवय सोडली. ती सुटायला मात्र फार त्रास झाला, हात आपोआप उठायचा. आणि खटका दाबण्याआधी ते आतल्या दारात जाऊन कणीसमोर तळहात उंच धरायचे. ती बघेपर्यंत धरायचे. तिनं कानावर झाकणं चढवली की मगच खटका.

कधी कधी ती बघायचीच नाही. मामा हात वर करून उभे, रांग मागं ताटकळत.

“मामा, गाडी सोडताय का? शिट्टी तरी वाजवा!” कुणीतरी म्हणायचं.

“सिग्नल मिळाला नाही अजून,” मामा म्हणायचे.

हळूहळू रांगच दटावू लागली. कुणा नव्या बाईनं डबा आपटला की बाकीच्या तिच्यावर डोळे वटारायच्या. डबे अलगद ठेवायची गावाला सवय लागली. लग्न होऊन आलेल्या सुनांना वाटायचं, या गावची रीतच असेल.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. वाईट दिवस असायचे. बाजारात ती आडवी पडायची, लोक बघायचे, मामी पदर खोचून बघणाऱ्यांकडेच बघायची, मग ते बघायचं थांबवायचे. शिकवणी लांब, बस उशिरा, महिनेच्या महिने काही पुढं सरकत नाही असं वाटायचं. मामा पीठ चोळावं तसा दिवस चोळत राहायचे, मान कलती करून. आज का रडली? नव्या सदऱ्याची शिवण टोचतेय. आज का जेवली नाही? ताटली बदललीय. कधी कारण सापडायचं, कधी नाही. नाही सापडलं तर म्हणायचे, “उद्या बघू.” हे ‘उद्या बघू’ त्यांना आधी कधी जमलं नव्हतं.

आणि मग ती दुपार. मी बाकावर होतो, म्हणून शपथेवर सांगतो. दळण संपलं होतं, गिरणी थांबली होती, मामा बिडीबिडी न ओढणारा माणूस, नुसते दाराला टेकून वारा घेत होते. आतलं दार उघडं होतं. कणी भिंतीपाशी बसली होती. भिंत गार झाली असणार. तिनं भिंतीकडे बघितलं. मामांकडे बघितलं. आणि तिचा हात वर गेला. तळहात उघडा, बोटं थोडी वाकडी, पण वर. धरूनच ठेवला.

मामा हलले नाहीत. मामी चाळणी हातात घेऊन तशीच उभी. मग मामांनी स्वतःचा तळहात वर केला. कणीनं झाकणं चढवली. मामा आत गेले, मी आणलेला माझा डबा न विचारता नरसाळ्यात ओतला आणि खटका दाबला. माझं दळण खरं तर जाडच हवं होतं. बारीक निघालं. मी काही बोललो नाही. मामा पाठमोरे उभे होते आणि पुष्कळ वेळ वळले नाहीत. वळले तेव्हा गालांवरच्या पिठात दोन ओल्या रेघा होत्या.

यंदा कणी शाळेत गेली. त्याच्या आधी मामा शाळेच्या शिपायाला भेटून आले होते. घंटा वाजवण्याआधी पहिलीच्या खिडकीकडे बघून एवढा तळहात वर करायचा, बस. शिपाई म्हातारा आणि तिरसट. म्हणाला, “मी काय वाहतूक पोलीस आहे?” मामा म्हणाले, “नाही हो, पण हात तुमचा चांगला मोठा आहे.” पण पहिल्याच घंटेला त्यानं हात वर केला. आता म्हणे तो वर्गातल्या सगळ्या पोरांनी आपले हात वर केल्याशिवाय घंटेला हातच लावत नाही.

पहिल्या दिवशी मीही त्यांच्या मागं गेलो. फाटकाशी बालवाडीच्याच त्या बाई उभ्या होत्या. मुद्दाम आल्या होत्या. मामांनी कणीचा हात त्यांच्या हातात दिला, लाल झाकणं तिच्या गळ्यात नीट बसवली, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे, फार वेळ न रेंगाळता, वळून चालू लागले. मामी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मग मला दिसतंय म्हणून नाक पुसल्यासारखं केलं.

कणी फाटकातच खाली बसली. मला वाटलं, आता रडणार. ती रडली नाही. जमिनीवर पिठाची पावलं उमटली होती. तिनं पहिल्या पावलावर बोट ठेवलं. मग पुढचं बघितलं, त्याच्या पुढचं, एकामागून एक, नजरेनं, ओळ जिथपर्यंत जात होती तिथपर्यंत. ओळीच्या टोकाला मामा होते, पांढरे, वळणाकडे निघालेले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

मामी बघत होती. बाई बघत होत्या. मी बघत होतो. आणि कणी, जी कुणाच्या मागं कधी बघायची नाही, ते वळणाआड होईपर्यंत बघत होती.